सारंगीच्या जागीं पेटी

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओच्या केंद्रांवर हार्मोनियमला मज्जाव झाला. गवयानें तंबोरा आणावा, तबला आणावा, सारंगी अगर व्हायोलिन साथीस घ्यावें; पेटी मात्र मायक्रोफोनसमोर येतां कामा नये, असा तो दंडक होता. पुण्या-मुंबईच्या ज्या घरांतून रेडिओचा संच त्या सुमारास नुकताच दिवाणखान्यांत येऊन बसला होता, त्यांपैकीं पुष्कळ घरांत त्याच दिवाणखान्याच्या दुसऱ्या कोपऱ्यांत भरतकामाचा रुमाल पांघरलेली पेटी होती. घरांतील मुलगी संध्याकाळीं तिच्यावर भूपाची सरगम घोटीत असे, आणि सणावारीं घरचें भजन तिच्याच सुरावर होई. एका कोपऱ्यांतील यंत्रानें दुसऱ्या कोपऱ्यांतील वाद्याला वाळींत टाकावें, असा हा प्रकार झाला. ही बंदी कांहीं अंशीं शिथिल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें.

बंदीच्या योग्यायोग्यतेविषयीं पुष्कळ लिहिलें-बोललें गेलें. पेटी परकी कीं स्वकीय, बेसूर कीं सुरेल, यावर दोन्ही पक्षांनीं भरपूर शाई खर्च केली. परंतु पेटी ज्या जागेवर बसली होती ती जागा पूर्वीं रिकामी नव्हती, ही गोष्ट त्या वादांत बहुधा झांकली जाई. ख्याल-ठुमरी गाणाऱ्यांच्या बाजूला, त्या जागेवर, कित्येक पिढ्या सारंगी बसत आली होती. ती तेथून कां उठली, हा प्रश्न आधीं विचारावयास हवा होता. आणि त्याचें उत्तर केवळ स्वरशास्त्रांत सांपडत नाहीं.

सारंगी तूण वृक्षाच्या लांकडाच्या एका अखंड ठोकळ्यांतून कोरून काढतात. पोटावर बकऱ्याचें कातडें ताणून बसवितात. त्यावरून तातीच्या तीन मुख्य तारा जातात, आणि त्यांच्या खालून पस्तीसच्या आसपास धातूच्या बारीक तरफा. तरफांना गज लागत नाहीं. वरच्या तारेवर तो तो सूर नेमका लागला म्हणजे त्या आपोआप जाग्या होतात. सूर किंचित् ढळला तर त्या गप्प राहतात. वादकाची परीक्षा घेणारे पस्तीस परीक्षक त्याच्याच वाद्यांत दडून बसलेले असावेत, तशांतला हा मामला आहे. डाव्या हाताचीं बोटें तारेवर वरून दाबावयाचीं नसतात. नखाच्या मुळाशीं असलेली त्वचा तारेच्या कडेला टेकवून वर-खालीं सरकवावयाची असते. तेथें घट्टे पडतात, आणि हात पाहूनहि जुना सारंगिया ओळखतां येतो. पट्टी नाहीं, पडदा नाहीं. सूर कोठें आहे हें सांगणारा एक कानच.

या कष्टाचें फळहि तसेंच मोठें होतें. एका स्वरावरून दुसऱ्यावर जातांना मधला सारा उतार दाखवीत जाणें, म्हणजे मींड, हा आपल्या गाण्याचा प्राण होय. आणि कंठांतून निघणारी मींड जशीच्या तशी उचलणारें वाद्य सारंगीवांचून दुसरें फारसें नाहीं. गवई श्वास घेण्यासाठीं थांबला कीं त्याचा शेवटचा सूर सारंगीच्या गजावर तरंगत राही आणि गाण्यांत खंड पडत नसे. साथ करणारा गवयाच्या मागोमाग, अर्ध्या क्षणाच्या अंतरानें चाले. पुढची जागा कोणती येणार, हें त्याला आधींच उमगावें लागे. त्यामुळें ज्याच्या मागें बसावयाचें त्याच्या घराण्याची चाल, त्याच्या चीजा, त्याचे पेंच, सारें सारंगियाला ठाऊक असे. एखाद्या वृद्ध सारंगियाच्या बोटांत चार घराणीं नांदत असत, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

असें असून त्याची प्रतिष्ठा काय होती? तो मैफलींत मागें बसे, बिदागी त्याला कमी मिळे, आणि उत्तरेंत त्याचा संबंध कोठ्यावरील तवायफांशीं आणि इकडे कलावंतिणींशीं जोडला जाई. तो संबंध खराच होता. त्या स्त्रियांना तालीम देणारे, त्यांच्या मैफलींत साथ करणारे आणि त्यांच्या मिळकतीवर ज्यांचा संसार चाले असे हेच लोक होते. ख्याल-ठुमरीचा केवढा तरी ठेवा या गुरुशिष्यसंबंधामुळें टिकला. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाचगाण्याविरुद्ध शहरांतील सुशिक्षितांचें मत जसें कडक होत गेलें, तशी त्या मताची झळ बाईबरोबर सारंगीलाहि लागली. वाद्याचा दोष नव्हता. पण तें ज्या घरीं वाजत होतें त्या घराचा पत्ता त्याला चिकटला.

ही झळ कोठवर पोंचली याचा दाखला खुद्द मोठ्या गवयांच्या चरित्रांत मिळतो. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीमखाँ किराण्याच्या ज्या परंपरेंतून आले, तींत सारंगी घरोघर होती. इंदूरचे अमीरखाँ यांचे वडील शाहमीरखाँ सारंगिये होते आणि मुलाचें आरंभींचें शिक्षण सारंगीचें होतें. बडे गुलाम अलीखाँ यांनीं तर उमेदवारीच्या काळांत सारंगीवर पोट भरलें. तिघेहि पुढें गवई म्हणून गाजले. सारंगी खालीं ठेवावी तेव्हां गवई म्हणून मान मिळावा, अशी ती रीत होती. करीमखाँच्या रेंगाळत्या आलापींत आणि अमीरखाँच्या मंद्र सप्तकांतील संथ चालींत गजाची ओढ ऐकूं येते, असें जाणते म्हणतात. तें खरें मानण्यास हरकत नाहीं. हातांतून गेलेलें वाद्य गळ्यांत राहिलें असावें.

आतां पेटीकडे वळावें. पॅरिस येथील अलेक्सांद्र दबें या कारागिरानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. हें वाद्य खुर्चीवर बसून, पायांनीं भाता हलवून, दोन्ही हातांनीं वाजवावयाचें होतें. मिशनऱ्यांच्या प्रार्थनामंदिरांतून आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून तें हिंदुस्थानांत आलें. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं, म्हणजे ‘द्वारकिन’ या पेढीच्या मालकांनीं, त्याला मांडी घालून बसणाऱ्यांच्या बेताचें केलें. भाता मागें नेला, तो डाव्या हातानें हलूं लागला, आणि उजवा हात पट्ट्यांसाठीं मोकळा राहिला. आपल्या गाण्यांत एका वेळीं अनेक सुरांचे मेळ लागत नाहींत. त्यामुळें दुसरा हात भात्याला दिला तरी कांहीं बिघडलें नाहीं. परकी वाद्य आपलेंसें करण्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत, पण इतक्या थोड्या फरकानें इतकें पक्कें आपलेंसें झालेलें दुसरें वाद्य क्वचितच सांपडेल.

महाराष्ट्रांत पेटीचा पाय रोवला तो रंगभूमीमुळें. १८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ झालें आणि संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. त्या काळीं नाटकगृहांत विजेचा ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोंचविणारी, नटाला क्षणार्धांत त्याची पट्टी दाखविणारी आणि पावसाळी हवेंत तारा उतरतील अशी भीति नसलेली साथ मंडळ्यांना हवी होती. पेटीनें, आणि पुढें पायपेटीनें म्हणजे ऑर्गननें, ती गरज भागविली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या रसिक वादकाच्या हातीं पेटी आल्यावर तिला नुसत्या सोयीपलीकडची शोभा आली. १९११ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच, आणि दोन वर्षांनीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचेहि ते एक चालक होते. तिकडे ग्वाल्हेरीस शिंदे घराण्यांतील भय्या गणपतराव यांनीं ठुमरीच्या अंगानें पेटी वाजवून उत्तरेंतल्या दर्दी मंडळींनाहि वश केलें होतें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. बालगंधर्वांची मंडळी वैभवाच्या शिखरावर असतांना तिच्या साथीला ऑर्गन होता, अहमदजान थिरकवा यांचा तबला होता, आणि कादरबक्ष यांची सारंगीहि होती. ज्यांना दोन्ही परवडत होतीं त्यांनीं दोन्ही ठेवलीं. बालगंधर्वांच्या पदांतील जे लोभस वळसे लोकांच्या कानांत घर करून राहिले, त्यांची सावली धरण्यास सारंगीच हवी, हें त्या मंडळीला पुरतें ठाऊक होतें. केसरबाई केरकरांनीं तर अखेरपर्यंत सारंगीचीच साथ पसंत केली. अब्दुल मजीदखाँ त्यांच्या मागें बसत. म्हणजे पेटी ऐकतांच सारंगी फिकी वाटूं लागली, म्हणून ती गेली, असें म्हणतां येत नाहीं.

मग ती कशानें गेली? पेटी दुकानांत विकत मिळे. किंमत द्यावी, हमालाच्या डोक्यावर देऊन घरीं आणावी, चार दिवसांत सा-रे-ग-म वाजूं लागे. सूर आधींच तयार. वाजविणाऱ्यानें नुसती पट्टी दाबावयाची. सारंगीचें तसें नव्हतें. नुसती सारंगी आणून भागत नसे. तिच्याबरोबर सारंगिया घरांत घ्यावा लागे. त्याला बैठकींत बसवावें लागे, चहा द्यावा लागे, मुलीला त्याच्यासमोर गावयास बसवावें लागे. वकील, मास्तर आणि कारकून यांच्या ज्या नव्या घरांना गाणें हवें होतें, त्यांना गाण्याबरोबर येणारीं हीं माणसें नको होतीं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास आणि १९०८ सालीं मुंबईस गांधर्व महाविद्यालय काढून संगीत सभ्य घरांत नेण्याचें जें थोर कार्य केलें, त्याचें श्रेय त्यांना द्यावें तितकें थोडेंच. तथापि त्या कार्याची ही दुसरी बाजूहि विसरतां येत नाहीं. गाणें माडीवरून दिवाणखान्यांत आलें, आणि ज्यांनीं तें माडीवर जतन केलें होतें ते जिन्याखालीं राहिले. पेटीनें हें स्थलांतर सुलभ केलें, कारण तिच्या पाठीमागें कोणी माणूस उभा नव्हता. तिला जात नव्हती, मोहल्ला नव्हता, पूर्वेतिहास नव्हता.

या सोयीची किंमत गाण्यानें मोजली. ती किती, हें आंकड्यांत सांगतां येतें. स्वरसप्तकाचे बारा सारखे भाग पाडून त्यांतील प्रत्येकाचे पुन्हा शंभर अंश कल्पिले, तर पेटीवरचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० अंशांवर बसतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेंतून आपोआप उमटणारा गंधार मात्र ३८६ अंशांवर असतो. कोमल गंधार गवई ३१६ च्या आसपास घेतो, पेटी त्याला ३०० वर उभा करते. पंचमांतला फरक अवघा दोन अंशांचा, म्हणून तो खपून जातो. गंधाराचा खपत नाहीं. तंबोरा एक सांगतो, पेटी दुसरेंच, आणि मुलगी ऐकते पेटीचें, कारण तीच मोठ्यानें बोलते. मींड तर पट्ट्यांच्या वाद्यांत नाहींच. दोन पायऱ्यांच्या मध्यें उभें राहण्यास जागा नसते, तसें तें आहे. फॉक्स स्ट्रँगवेज या इंग्रज पंडितानें १९१४ च्या आपल्या ग्रंथांत पेटीविरुद्ध कडक तक्रार नोंदविली, ती याच कारणासाठीं.

हा दोष दूर करण्याचा पहिला मोठा प्रयत्न सांगलीस झाला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींचें गणित मांडून १९१० सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. अब्दुल करीमखाँ यांच्या गळ्याची त्यांना मदत होती. क्लेमंट्स नांवाच्या न्यायाधीशानें त्यांची बाजू उचलली, आणि विलायतेहून श्रुतींची पेटी तयार होऊन आली. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १९१६ सालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तींत ती मांडली गेली. जमलेल्या गवयांना आणि पंडितांना ती पटली नाहीं. गणितानें श्रुति ठरत नाहीं, रागाप्रमाणें ती हलते, हा गवयांचा आक्षेप होता, आणि तो खोटा नव्हता. यानंतर ती पेटी मागें पडली. साधी, बारा सुरांची, सदोष पेटी मात्र गांवोगांव पसरतच राहिली.

अशा स्थितींत नभोवाणीचा दंडक आला. त्यामागील मंडळींकडे पाहिलें म्हणजे मौज वाटते. पेटीविरुद्ध रेडिओच्या पाक्षिकांत १९३८ सालीं हल्ला चढविणारे जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार होते. दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग त्यांच्याकडे होता. बंदी अंमलांत आली तेव्हां रेडिओचे प्रमुख लायोनेल फील्डन, तेहि इंग्रज. पाठिंब्यासाठीं १९४० च्या जानेवारींत रवींद्रनाथांनीं कलकत्ता केंद्राला पत्र लिहिलें. ज्या ठाकूर वाड्यांत त्यांच्या लहानपणीं थोरले बंधु पेटी हौसेनें वाजवीत, त्याच वाड्याचे ते पुत्र. स्वदेशी संगीतांतून परदेशी वाद्य घालविण्याच्या कामीं परदेशी अधिकाऱ्यांनीं असा पुढाकार घेतला. व्हायोलिन पेटीइतकेंच परकें. पण त्याला पट्ट्या नाहींत म्हणून तें आंत राहिलें. तेवढ्यापुरता हा निर्णय शास्त्राला धरून होता, हें मान्य केलें पाहिजे. स्वातंत्र्यानंतर तो बदलला नाहीं. १९५२ ते १९६२ या काळांत माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनीं उलट तो अधिक निष्ठेनें पाळला.

सारंगियांना या दंडकाचा लाभ झाला. संस्थानें विलीन झालीं, दरबारची नोकरी संपली, माड्या ओस पडूं लागल्या. अशा वेळीं आकाशवाणीच्या केंद्रांनीं त्यांतील कित्येकांना महिना पगार दिला. परंतु या लाभांतहि एक विसंगति होती. १९४६ नंतर, सरदार पटेल नभोवाणीचे मंत्री असतांना, ज्यांचें खाजगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकांना केंद्रांचीं दारें बंद झालीं. सारंगी आंत आली आणि जिच्या गाण्यानें सारंगी जगली ती बाई बाहेर राहिली. नियम करणाऱ्यांना यांत कांहीं खटकलें नाहीं.

आणि केंद्राच्या फाटकाबाहेर तर या नियमाला कोणी विचारीत नव्हतें. गवई सकाळीं आकाशवाणीवर सारंगीसह गात आणि रात्रीं गणेशोत्सवाच्या मांडवांत पेटीसह. सारंगिये थोडे, पेटीवाले मुबलक. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा पेटीवर जीव टाकणारा माणूस १९५५ मध्यें आकाशवाणीच्या सेवेंत गेला, तो पेटी घरीं ठेवूनच. इकडे याच बंदीच्या वर्षांत महाराष्ट्रांतील पेटीवादन कळसास पोंचलें, ही गोष्ट मात्र नोंदविण्यासारखी आहे. गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगांवकर, तुळशीदास बोरकर यांनीं नसलेली मींड असल्यासारखी भासविण्याची कला साधली. भात्याचा दाब नाजूकपणें कमी करावयाचा, एक बोट उचलण्यापूर्वींच दुसरें अलगद टेकावयाचें, मधल्या स्वराला नुसता स्पर्श करून निघावयाचें. ऐकणाऱ्याचा कान उरलेला उतार स्वतःच भरून काढतो. कांहीं वादकांनीं आपल्या षड्जापुरती पेटी कानानें मिळवून घेण्याचा मार्ग काढला. त्या पेटीचा गंधार तंबोऱ्याशीं भांडत नाहीं. पण गवयाची पट्टी बदलली कीं दुसरी पेटी काढावी लागते. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी तयार करून देवलांचा जुना हिशेब पुन्हा उघडला.

१९७१ सालीं बंदी सैल झाली ती साथीपुरती, आणि तीहि वरच्या श्रेणीच्या कलावंतांसाठीं. स्वतंत्र पेटीवादनाला त्यानंतरहि दीर्घकाळ वाट पाहावी लागली. तोंवर साथीची जागा सारंगीच्या हातून जवळजवळ सुटलीच होती. तिला दुसरी वाट काढून दिली रामनारायण यांनीं. १९४४ सालीं लाहोर केंद्रावर साथीला लागलेला हा वादक फाळणीनंतर दिल्लीस आला, १९४९ सालीं मुंबईस येऊन चित्रपटांत वाजवूं लागला, आणि १९५६ च्या सुमारास त्यानें साथ बाजूला सारून एकट्याच्या सारंगीची मैफल मांडली. गवयाच्या मागचें आसन सोडल्यावर सारंगीला पुढचें आसन मिळालें, देशोदेशीं मान मिळाला. २०२४ सालीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.

शहरांतील सामान्य श्रोत्याचा सारंगीशीं उरलेला संबंध मात्र निराळाच होता. राष्ट्रीय दुखवट्याच्या दिवसांत आकाशवाणी नेहमींचे कार्यक्रम बंद ठेवी आणि तासन् तास सारंगी लावून देई. ज्या घरांत दोन पिढ्यांत कोणी सारंगी डोळ्यांनीं पाहिली नव्हती, त्या घरांतहि रेडिओ लावतांच तो गज कानीं पडला म्हणजे बातम्यांची वाट पाहावी लागत नसे. हातचें काम थांबवून घरचीं माणसें एकमेकांना विचारीत, कोण गेलें?